रंगमंचावर टाळ्या, दुकानात संशय

कार्तिक लागला की सिंधुदुर्गातील गावोगावच्या जत्रांना आरंभ होतो आणि दशावतारी मंडळ्यांचे पेटारे हलू लागतात. देवळासमोर मध्यरात्रीनंतर आख्यान रंगते. पहाटेच्या गारठ्यात तारामतीचा विलाप ऐकून शाल पांघरून बसलेल्या म्हाताऱ्या पदराने डोळे टिपतात. ही तारामती पुरुष आहे, हे त्यांना पक्के ठाऊक असते. कदाचित दुपारी एस. टी.च्या थांब्यावर तिला त्यांनी लुंगीत पाहिलेलेही असते. तरीही तिच्या शोकाच्या खरेपणाविषयी कोणाच्या मनात किंतु येत नाही. स्त्रीभूमिका करणाऱ्या या नटाला दशावतारात ‘स्त्रीपार्टी’ म्हणतात, आणि ओमप्रकाश चव्हाण यांच्यासारख्या कलावंतांनी या भूमिकांना मोठा लौकिक मिळवून दिला आहे. हा नट आपली रंगभूषा आपणच करतो, साडी आपणच नेसतो, आणि ती साडीही बहुधा त्याच्या स्वतःच्या पैशाची असते.

अर्थात ती कोणत्या तरी दुकानातून आणलेली असते. पुरुषाने साडी खरेदी करण्यात कोणालाही वावगे वाटत नाही. इतकेच काय, महाराष्ट्रातील कोणत्याही साडीच्या दुकानात गेले की मिशा राखलेला विक्रेता गिऱ्हाइकापुढे उभा राहून साडी स्वतःच्या अंगावर लावून दाखवतो. निऱ्या घालतो, पदर खांद्यावरून सोडतो, आणि सबंध कुटुंब ‘जरा वळून दाखवा’ म्हणते. त्याला कोणी हसत नाही. बालगंधर्वांची साडी आणि केशभूषा पाहून मराठी घरांतील स्त्रिया आपला पेहराव ठरवीत असत, हा तर इतिहासच आहे.

अशा या प्रदेशात एखादी तृतीयपंथी व्यक्ती, किंवा स्वतःच्या आवडीने स्त्रीवेश करणारा एखादा पुरुष दुकानात येतो आणि कुर्ता अंगाला बसतो का ते पाहण्यासाठी ट्रायल रूम मागतो, तेव्हा काय होते? अशा व्यक्ती ठिकठिकाणी जे अनुभव सांगतात त्यांत विलक्षण साम्य आहे. खोली बंद आहे, असे सांगण्यात येते. स्त्रियांच्या बाजूने पुरुषांच्या बाजूला आणि तेथून पुन्हा इकडे, अशी पाठवणी होते. रखवालदार दारापाशी येऊन उभा राहतो. कित्येक जण मग ‘बहिणीसाठी हवा आहे’ असे खोटेच सांगून अंदाजाने माप निवडतात आणि घरी जाऊन पाहतात तो खांद्यात आखूड! अलीकडे घरपोच येणाऱ्या पार्सलांनी थोडी सोय झाली आहे, हे खरे. परंतु लहान गावात पार्सल आणणाराही ओळखीचाच असतो.

हा प्रश्न कोकणात तसा नवा आहे, आणि त्याचे कारण वस्त्रांच्या व्यवहारात शोधले पाहिजे. लुगड्याला माप नसते. पोलक्याचे माप शिंपी घेई, आणि तो घरचाच माणूस मानला जाई. कापड बैठकीवर बसून घ्यावयाचे आणि शिवून आणावयाचे, या व्यवहारात दुकानात कपडे उतरवण्याची वेळच येत नसे. तयार कपड्यांनी हा क्रम मोडला. जीन्स, कुर्ती, टी-शर्ट हे अंगावर चढवून पाहिल्याविना घेता येत नाहीत, म्हणून दुकानात आरसा लावलेली तीन हातांची खोली आली. १९९७ मध्ये सिंधुदुर्ग हा पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाल्यावर, आणि पुढे महामार्ग रुंदावल्यावर, कणकवली-कुडाळकडे तयार कपड्यांची मोठी दुकाने येणे स्वाभाविक होते. जेथे मजले वाढले तेथे स्त्रियांचा मजला वेगळा, पुरुषांचा वेगळा झाला. ज्याचे पाऊल दोन्ही मजल्यांवर अडते त्याने जावे कोठे, याचा विचार त्या आराखड्यात सहसा नसतो.

दशावतारातील नट आणि तृतीयपंथी व्यक्ती यांना एकाच मापाने मोजणे चूक ठरेल. नटाचा स्त्रीवेश हा त्याच्या कलेचा भाग; घरी त्याची बायको-मुले असतात, शेती असते, आणि तृतीयपंथी म्हणून आपली गणना व्हावी अशी त्याची इच्छाही नसते. तृतीयपंथी व्यक्तीचा वेश हे तिचे रोजचे जगणे आहे. वस्तुतः दोघांना मिळणाऱ्या वागणुकीतील अंतर नेमके येथेच आहे. पहाटे दहीकाला होतो, रंग पुसला जातो आणि तारामती पुन्हा लुंगी नेसते, या खात्रीवर समाज तिला नमस्कार करतो. (ही खात्रीही तकलादू असावी, कारण रंगमंचाबाहेर ‘बायल्या’ म्हणून हिणवले जाण्याचे प्रसंग स्त्रीपार्टी नटांनाही चुकत नाहीत.) ज्याचा वेश पहाटेनंतरही उतरत नाही त्याला मात्र आपल्या रूढीत जागा नाही. २०११ च्या जनगणनेत स्त्री वा पुरुष यांहून ‘इतर’ अशी नोंद केलेल्यांची संख्या देशात ४,८७,८०३ आणि महाराष्ट्रात ४०,८९१ भरली. दारात आलेल्या प्रगणकासमोर, घरातील सर्वांच्या देखत, किती जणांनी खरे सांगितले असेल, याचा अंदाज ज्याने त्याने करावा.

भारतीय राज्यघटनेत दुकानाचा शब्दशः उल्लेख आहे, ही गोष्ट पुष्कळांच्या लक्षात राहत नाही. पंधराव्या अनुच्छेदाच्या दुसऱ्या खंडानुसार केवळ धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान या कारणावरून कोणाही नागरिकाला दुकाने, सार्वजनिक उपाहारगृहे वा करमणुकीची ठिकाणे येथे मज्जाव करता येत नाही. २९ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत या तरतुदीची चर्चा झाली, तेव्हा डॉ. आंबेडकरांनी दुकान या शब्दाची व्याप्ती मुद्दाम मोठी ठेवली असल्याचे सांगितले होते: जेथे मालक येणाऱ्या कोणालाही आपली सेवा देण्यास तयार असतो ते दुकान. अस्पृश्य गिऱ्हाइकाला पायरीखाली उभे राहून माल घ्यावा लागणाऱ्या समाजात हा शब्द घटनेत घालणे किती आवश्यक होते, हे निराळे सांगावयास नको. १५ एप्रिल २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ‘नालसा’ खटल्यात असा निर्णय दिला की, याच अनुच्छेदातील ‘लिंग’ या शब्दात व्यक्तीची लिंगविषयक ओळखही अंतर्भूत आहे. लक्ष्मीनारायण त्रिपाठी यांनी या खटल्यात बाजू मांडली होती. पुढे संसदेने २०१९ मध्ये तृतीयपंथी व्यक्तींच्या हक्कांचा कायदा केला, आणि जनतेला उपलब्ध असलेल्या वस्तू, सेवा व सोयी नाकारण्यास त्याच्या तिसऱ्या कलमाने मनाई केली. दुकानातील ट्रायल रूम ही अशी सोय नव्हे, असा युक्तिवाद करणे कठीण आहे.

परंतु कायदा पुस्तकात असतो आणि काउंटरवर मालक असतो. मालकाचे म्हणणे असे की, इतर गिऱ्हाइके तुटतील. ‘त्याने’ अंगावर चढवलेला कपडा दुसरे कोणी घेणार नाही. हे म्हणणे तपासून पाहिले पाहिजे, कारण ते ओळखीचे आहे. एकाच कुर्त्यात दिवसभरात दहा अनोळखी अंगे शिरतात, त्याचा विटाळ कोणाला होत नाही. अकराव्या अंगाचा मात्र होतो. ही विचारसरणी कोठून आली, हे आप्पासाहेब पटवर्धनांची कर्मभूमी असलेल्या कणकवलीत तरी कोणाला विचारावे लागू नये.

दुसरा आक्षेप स्त्रियांच्या सुरक्षिततेचा आहे आणि तो थट्टेवारी नेण्यासारखा नाही. परक्या जागी कपडे उतरवताना स्त्रीला वाटणारी भीती अनुभवातून आलेली असते. एप्रिल २०१५ मध्ये तत्कालीन केंद्रीय मंत्री स्मृती इराणी यांना शेजारच्याच गोव्यात, कांदोळी येथील एका दुकानात, ट्रायल रूमच्या दिशेने रोखलेला कॅमेरा आढळला आणि देशभर खळबळ उडाली. तो कॅमेरा दुकानाच्याच देखरेख यंत्रणेतील होता. स्त्रीला चोरून पाहणे व तिचे चित्रण करणे हा २०१३ पासून स्वतंत्र गुन्हा आहे. आता तो भारतीय न्याय संहितेच्या ७७ व्या कलमात येतो. तेव्हा भीतीचा विषय फटीचा पडदा, न लागणारी कडी आणि छतावरचा कॅमेरा हा आहे. शेजारच्या खोलीत कुर्त्याच्या गुंड्या लावीत असलेल्या तृतीयपंथी गिऱ्हाइकाला तो विचारण्यात काय अर्थ? पूर्ण उंचीच्या भिंती आणि आतून लागणारे भक्कम दार यांनी त्या गिऱ्हाइकाचीही सोय होते आणि तिला भिणाऱ्या स्त्रीचीही.

पाश्चात्त्य देशांत या वादाने राजकारणाचे रूप घेतले आहे. अमेरिकेतील टार्गेट या कंपनीने एप्रिल २०१६ मध्ये, ज्याने त्याने आपल्या लिंगओळखीनुसार ट्रायल रूम व स्वच्छतागृह वापरावे, असे जाहीर करताच दहा लाखांहून अधिक लोकांनी बहिष्काराच्या पत्रकावर सह्या केल्या. काही महिन्यांतच कंपनीने एकेकट्याने वापरावयाची स्वच्छतागृहे वाढवण्यासाठी २ कोटी डॉलर खर्चण्याचे ठरवले. ब्रिटनमध्ये सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२५ मध्ये समता कायद्यातील ‘स्त्री’ या शब्दाचा अर्थ जन्मजात लिंगापुरता धरल्यावर तेथील वादंगालाही नवी धार चढली. अमुक खोली कोणाची, हा प्रश्न घातला की उत्तरासाठी भांडण अटळ होते. खोली एकाची, कडी आतून आणि दारावर पाटी नाही, अशी रचना केली की तो प्रश्न बहुतांशी उरतच नाही.

गंमत अशी की, अशी रचना मालवणच्या जुन्या पेठेसारख्या बाजारांतील चिंचोळ्या दुकानांत जागेच्या टंचाईने आपोआप झालेली असते. मागल्या बाजूला, खोक्यांच्या थप्पीला लागून एकच कोपरा, एक आरसा आणि एक पडदा. बाप्ये, बायका, पोरे सारे आळीपाळीने आत जातात. पडद्याच्या जागी दार बसवणे हे सुताराचे एका दिवसाचे काम आहे. महामार्गालगत ज्यांची बांधकामे अजून चालू आहेत, त्यांना तर हा बदल कागदावरच करता येईल. राहता राहिला तो विक्रेता, जो दिवसातून वीस वेळा साडी स्वतःच्या खांद्यावर टाकून दाखवतो. पुढच्या जत्रांच्या हंगामात त्याच्यासमोर कोणीही उभे राहिले, तरी खोली कोणत्या बाजूला आहे एवढेच हात करून दाखवावे, असे मालकाने त्याला सांगून ठेवावे.