खोली नसलेला अभिमान

जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांचा जागतिक वारशाच्या यादीत समावेश केला आणि महाराष्ट्रात आनंदाची लाट उसळली. तो आनंद रास्तच होता. रायगड, राजगड, शिवनेरी, प्रतापगड, पन्हाळा ही नावे मराठी माणसाच्या ओठांवर असतात, ती उगीच नव्हे. मात्र त्या बारांपैकी अकरा किल्ले महाराष्ट्रातील असून बारावा तामिळनाडूतील जिंजी आहे. तो या यादीत कसा, असे कुणी विचारले, तर जल्लोष करणाऱ्यांपैकी किती जणांना उत्तर देता येईल?

उत्तर मोठे तेजस्वी आहे. १६७७ मध्ये दक्षिण दिग्विजयाच्या वेळी शिवाजी महाराजांनी जिंजी घेतली. पुढे १६८९ मध्ये छत्रपती संभाजी महाराजांचे बलिदान झाले, रायगडही मोगलांच्या हाती गेला. त्या काळरात्री राजाराम महाराज याच जिंजीत पोहोचले आणि हा दूरचा किल्ला स्वराज्याची राजधानी झाला. १६९८ मध्ये तो पडेपर्यंत औरंगजेबाची मोठी फौज त्याच्या पायथ्याशी वर्षानुवर्षे अडकून राहिली. इकडे रामचंद्रपंत अमात्यांनी कारभार तोलून धरला; संताजी घोरपडे आणि धनाजी जाधव यांनी मोगलांना सळो की पळो करून सोडले. एका पिढीची दूरदृष्टी पुढच्या पिढीचे रक्षण कसे करते, याचा हा वस्तुपाठ आहे. किल्ल्याचे नाव ठाऊक असणे आणि हा वस्तुपाठ ठाऊक असणे, यातील अंतर म्हणजेच उथळपणा.

उथळपणा आणि अज्ञान यांत भेद केला पाहिजे. अज्ञानी माणसाला आपल्याला ठाऊक नाही, याची जाणीव असू शकते आणि ती असेल, तर तो विचारतो, शिकतो. उथळ माणसाला नाव कळले की विषय कळला, असे वाटते. त्याचा जिज्ञासेचा झरा तेथेच आटतो. त्याची भावना खोटी असते, असे मुळीच नाही. घोषणा देताना त्याच्या अंगावर खरोखरच रोमांच उभे राहतात. परंतु ती भावना त्याच्याकडून वेळ, श्रम, अभ्यास यांपैकी काहीच मागत नाही. उत्सव संपला की तीही मांडवासोबत उतरवली जाते.

ज्या महापुरुषाचे आपण नाव घेतो, त्याची रीत नेमकी उलट होती. ६ जून १६७४ रोजी रायगडावर राज्याभिषेक झाला. तो सोहळा अपूर्व होता, पण महाराज सोहळ्यावर थांबले नाहीत. पेशवा, मुजुमदार, डबीर, सरनौबत ही पदे अनुक्रमे पंतप्रधान, अमात्य, सुमंत, सेनापती झाली. राज्यकारभारातील फारसी-अरबी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द देणारा राज्यव्यवहारकोश त्यांनी रघुनाथपंतांकडून सिद्ध करवून घेतला. सुमारे चौदाशे शब्दांचा हा कोश दहा वर्गांत विभागलेला आहे. सार्वभौमत्वाची द्वाही फिरवणाऱ्या राजाने शब्दाशब्दाचा विचार करायला सवड काढली. ‘स्व’चा बोध म्हणतात तो हाच.

आज आपली स्थिती काय आहे? ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला आणि आपण एकमेकांना पेढे दिले. पण याच मराठीचा शतकानुशतकांचा कारभार ज्या मोडी लिपीत झाला, ती आज किती मराठी घरांत वाचता येते? पुण्याच्या पेशवे दप्तरात हजारो रुमाल बांधलेले आहेत. त्यांतील निवडक कागद रियासतकार सरदेसाईंनी ४५ खंडांत प्रसिद्ध केले, तरी न वाचलेल्याचा ढीग फार मोठा आहे. इतिहासाचार्य राजवाड्यांनी गावोगाव वणवण करून, घराघरांतील माळे धुंडाळून कागद गोळा केले. १८९८ पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचे २२ खंड काढले आणि १९१० मध्ये भारत इतिहास संशोधक मंडळाची स्थापना केली. आपला वारसा आपल्या हाती आला, तो अशा एकाकी तपश्चर्येतून.

आपल्या इतिहासाचे विकृतीकरण झाले, ही आपली जुनी तक्रार आहे आणि ती निराधार नाही. पण विकृतीचे खंडन घोषणेने होत नाही, अस्सल कागदाने होते. वंगभूमीतील जदुनाथ सरकार यांनी मराठी आणि फारसी शिकून १९१९ मध्ये शिवचरित्र लिहिले. त्यांचे सर्व निष्कर्ष मान्य नसलेल्या मराठी अभ्यासकांनी त्यांना उत्तर दिले ते साधनांच्याच आधारे. आज मात्र महाराजांच्या नावावर खपवलेले, मूळ आधार नसलेले मजकूर आपणच भ्रमणध्वनीवरून पुढे ढकलतो. त्यांतील एक जरी खोटा ठरला, तरी विरोधकांना आपल्या खऱ्या इतिहासावरही शंका घेण्याची संधी मिळते. आपल्या उथळपणाची किंमत अशी इतिहासाला मोजावी लागते.

दर वर्षी ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशीला आपण हिंदू साम्राज्य दिन साजरा करतो. त्या दिवशी प्रत्येक शाखेने आणि प्रत्येक कुटुंबाने वर्षभरासाठी एक विषय निवडावा: एक किल्ला, एक मोहीम किंवा एक ग्रंथ. घरातील एखाद्या तरुणाने मोडी शिकावी. मराठी जाणणाऱ्याला तिची अक्षरओळख काही आठवड्यांत होते. पुढे सराव लागतो इतकेच. गडावर जाताना मुलांना केवळ तटबंदी दाखवू नये, पाण्याची टाकीही दाखवावीत. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात किल्ला बांधण्यापूर्वी त्या जागी पाणी आहे की नाही हे पाहावे, असा दंडक आहे. पाणी नसलेला गड कितीही उंच असला, तरी वेढा पडला की टिकत नाही. आपल्या अभिमानाच्या गडावर पाणी किती आहे, हे वेढा पडण्यापूर्वीच पाहून ठेवलेले बरे.