दुसऱ्यांदा बँकॉकला जाताय? मग या वेळी तिथलं जेवा!

पहिल्या परदेशवारीत बहुतेक जण टूरच्या बसमधून फिरतात आणि टूरवाल्याने ठरवलेल्या भारतीय हॉटेलात पोळी-भाजी जेवतात. त्यात गैर काही नाही. पण त्याच शहरात दुसऱ्यांदा जाताना तरी बॅगेतले थेपले आणि चिवडा कमी करावा, असं माझं स्पष्ट मत आहे. "डॉक्टर, तिकडचं खाल्लं तर पोट बिघडेल ना?" हा प्रश्न दवाखान्यात हमखास येतो. म्हणून बँकॉकचंच उदाहरण घेऊ.

पोट बिघडतं ते पदार्थ परका आहे म्हणून नव्हे, तर जंतूंमुळे. साधारण ५ ते ६० अंश सेल्सिअस या तापमानात जंतू भराभर वाढतात. त्यामुळे तासन्‌तास कोमट राहिलेल्या बुफेपेक्षा, याओवारात रस्त्यावरच्या गाडीवर डोळ्यांसमोर मोठ्या आचेवर परतलेले नूडल्स बहुधा जास्त सुरक्षित असतात. उकळतं तोम याम सूप, सकाळची वाफाळती तांदळाची पेज म्हणजे 'जोक', हे पदार्थ पोटालाही हलके. नियम सोपा आहे: गर्दीची गाडी निवडा, गरम असेल तेच खा, फळ स्वतः सोलून खा आणि पाणी सीलबंद बाटलीचं प्या.

सावध राहायचं ते कच्च्या पदार्थांपासून. कच्च्या पपईची 'सोम ताम' कोशिंबीर चविष्ट असते, पण तिच्या काही प्रकारांत खारवलेले कच्चे खेकडे आणि आंबवलेले मासे घालतात. गोड्या पाण्यातल्या कच्च्या माशांतून यकृताचा एक चपटा कृमी पोटात जाऊ शकतो. थायलंडच्या ईशान्य भागात पित्तनलिकेच्या कर्करोगाचं प्रमाण जास्त आहे, त्यामागचं हे एक प्रमुख कारण. तेव्हा शेंगदाणे घातलेली 'सोम ताम थाई' मागा. तीत सुकी कोळंबी असते आणि शेंगदाणे तर असतातच, त्यामुळे ॲलर्जी असणाऱ्यांनी ती टाळावी.

रक्तदाबाच्या रुग्णांनी फिश सॉसकडे लक्ष द्यावं. त्याच्या एका मोठ्या चमच्यात साधारण ३ ते ४ ग्रॅम मीठ असतं आणि दिवसभराची मर्यादा ५ ग्रॅमची आहे. नूडल्सच्या टेबलावर फिश सॉस, साखर, तिखट आणि मिरचीचं व्हिनेगर वेगळं ठेवलेलं असतं. चव आपल्या हातात असते, हा फायदाच समजा. सूपमधलं सगळं पाणी पिण्याचा आग्रह नको.

मधुमेहींनी आंबा आणि चिकट भाताची एक बशी दोघांत घ्यावी. कंडेन्स्ड मिल्क घातलेला थंडगार थाई चहा मात्र सोडावा. जेवणाआधीचं इन्सुलिन घेत असाल, तर ताट समोर आल्यावरच घ्या. रांगेत उभं असताना घेतलंत आणि जेवण लांबलं, तर साखर एकदम उतरू शकते.

शाकाहारी मंडळींनी पिवळ्या पताकेवर लाल अक्षरांत लिहिलेली 'जे' ही खूण शोधावी. तिथे मांस, मासे, अंडी, दूध यांपैकी काहीच नसतं. लसूण-कांदाही नसतो.

एवढं करूनही जुलाब झाले तर ओआरएस घ्या. प्रतिजैविकांच्या गोळ्या मनानेच सुरू करू नका. ताप आला, शौचातून रक्त पडलं किंवा लघवी कमी झाली तर लगेच डॉक्टरांना गाठा. गर्भवती, वयस्कर आणि प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांनी निघण्यापूर्वीच सल्ला घ्यावा.

भीती असावी ती कच्च्याची, कोमटाची आणि उघड्या पाण्याची. परक्या चवीची कशाला? आठवडाभर चिवड्यावर आणि पाकिटातल्या उपम्यावर काढण्यापेक्षा ताज्या भाज्या, मासे आणि फळं खाल्लेली केव्हाही बरी!