‘कमी’, ‘अपुरे’ आणि ‘संपले’

सायंकाळी व्यापारी दुकान ‘बंद’ करीत नाही, ‘वाढवितो’. घरात फुटलेली बांगडीही ‘वाढते’. उणिवेचा थेट उच्चार टाळावा, हा मराठी घरांचा जुना संस्कार आहे. परंतु दूरच्या व्यापाऱ्याशी इंग्रजीत व्यवहार करताना उणीव नेमक्या शब्दांत कळविणे हाच शिष्टाचार ठरतो.

इंग्रजीत उणिवेच्या निरनिराळ्या पायऱ्या आहेत. डाळीच्या घाऊक व्यापाऱ्याचे उदाहरण घ्यावे. साठा उतरू लागला, पण विक्री चालू आहे, तेव्हा ‘वी आर रनिंग लो ऑन तूर डाळ’ असे म्हणावे. मागणी ५० पोत्यांची आणि हाती ४० असतील, तर ‘वी आर टेन बॅग्ज शॉर्ट’. एकही पोते उरले नसेल, तर ‘वी हॅव रन आउट ऑफ तूर डाळ’. आणि बाजारातच माल मिळेनासा झाला, तर ‘तूर डाळ इज हार्ड टू कम बाय’. पहिली तीन वाक्ये स्वतःच्या गोदामाविषयी आहेत, चौथे साऱ्या बाजाराविषयी.

हा भेद केवळ व्याकरणाचा नाही. ‘शॉर्ट’च्या जागी ‘आउट’ लिहिले, तर ग्राहक ४० पोत्यांचाही सौदा दुसरीकडे नेतो. ‘आउट’च्या जागी ‘लो’ लिहिले, तर तो नसलेल्या मालाची वाट पाहत बसतो आणि पेढीची पत उणावते. गोदामातील उणीव बाजारावर ढकलली, तर भाव चढविण्याचा संशय येतो.

‘अ’ हे इवलेसे अक्षरही अर्थ पालटते. ‘वी हॅव अ फ्यू बॅग्ज’ म्हणजे थोडी पोती आहेत, मागवावीत. ‘वी हॅव फ्यू बॅग्ज’ म्हणजे जेमतेमच आहेत, भरवसा ठेवू नये. ‘लिटल’ आणि ‘अ लिटल’ यांचेही तसेच.

पैशांच्या बाबतीत शब्द अधिक जपून योजावेत. ‘यू पेड लेस’ म्हटले की बोट माणसाकडे वळते. ‘द पेमेंट इज शॉर्ट बाय फाइव्ह हंड्रेड रुपीज’ म्हटले की ते रकमेकडेच राहते. स्वतःचा हात आखडला असेल, तर ‘मनी इज टाइट धिस मंथ’ असे वेळीच कळवावे. मुदत टळून गेल्यावर दिलेल्या सबबीपेक्षा हे एक वाक्य संबंध अधिक राखते.