रद्दीत निघालेली जहाजे

दिवाळी आली की घरोघर माळे झाडले जातात आणि तारेत ओवलेली जुनी पत्रे रद्दीवाल्याच्या तराजूत पडतात. सणासुदीला कोणाचा हात धरू नये, हे मला कळते. परंतु वाचकहो, हा हात मी धरणारच! त्या तारेत नुसते कागद नाहीत, जहाजे ओवलेली आहेत.

1914 साली ग्वाल्हेरच्या माधवराव शिंदे महाराजांनी ‘एम्प्रेस ऑफ इंडिया’ हे जहाज घेतले आणि ‘लॉयल्टी’ या नावाने ते हिंदी सैनिकांसाठी इस्पितळ-जहाज झाले. युद्धानंतर ते सिंदिया कंपनीकडे गेले व 5 एप्रिल 1919 रोजी मुंबईहून लंडनला निघाले. त्याची आठवण म्हणून आपण दरवर्षी सागरी दिन पाळतो. धंद्याच्या त्या एका फेरीचा एवढा गौरव. मग त्याआधी जखमींना घेऊन केलेल्या फेऱ्यांचे काय? श्रीगोंद्यात नि जामगावात शिंद्यांचे वाडे मिरवणाऱ्या आमच्या नगर जिल्ह्याने तरी ते विचारायला नको काय?

त्या फेऱ्या सापडतात पत्रांत. आपण कुठे आहोत हे लिहिण्याची शिपायाला बंदी होती. शिक्क्यांना मात्र बोलावेच लागे. फील्ड पोस्टाचा क्रमांक, तारीख, सेन्सॉरची खूण, ‘आय. ई. एफ.’ ही अक्षरे छापलेले तिकीट, एखाद्या पत्रावर जहाजाचाच रबरी शिक्का आणि पाठीवर पोचल्याची तारीख! एका पत्राने काही सिद्ध होत नाही. पण दहा घरांतली पत्रे शेजारी मांडली, की बसरा ते मुंबई अशी फेरी डोळ्यांपुढे उभी राहते. पत्ता मात्र जपून वाचावा. आमच्या श्रीरामपूरच्या स्टेशनाचे नाव अजूनही बेलापूरच आहे!

“सरकारदप्तरी असेलच की सगळे,” असे शहाणे म्हणतात. दप्तराची गोष्ट ऐका. नोव्हेंबर 1915 मध्ये टेसिफोनला लढलेल्यांत 103, 110 आणि 117 या मराठा पलटणी होत्या. तिथल्या जखमींची बसऱ्यास आल्यावर दिसलेली दैना ‘व्हरेला’ या इस्पितळ-जहाजावरच्या मेजर कार्टरने बोलून दाखविली, तेव्हा वरिष्ठांनी त्यालाच दरडावले. सत्य छापून यायला 1917 चा चौकशी अहवाल उजाडला. फ्रान्समधून हिंदी शिपायांनी लिहिलेली पत्रे हॉवेल या सेन्सॉरच्या कचेरीत वाचली जात. लंडनच्या दप्तरात राहिले ते त्यांचे इंग्रजी उतारे. सेन्सॉरने सोडलेली मूळ पत्रे गेली घरोघर. म्हणजे नक्कल लंडनला नि अस्सल आपल्या माळ्यावर!

रद्दीवाल्याचा तरी तो धंदाच आहे. मला अधिक राग येतो तो तिकीट भिजवून काढणाऱ्या आणि पाकीट फेकून देणाऱ्या हौशी संग्राहकाचा. तिकिटाबरोबर अर्धा शिक्का जातो, आणि शिक्का गेला की जहाज बुडाले! पहिल्या महायुद्धात नगरच्या छावणीत कोंडलेल्या जर्मनांची पत्रे परदेशातले संग्राहक जिवापाड जपतात. नगरच्या शिपायाचे पत्र नगरातच किलोने जावे, याला काय म्हणावे?

मी शाळामास्तर. महायुद्धाची कारणे मुलांकडून पाठ करून घेतो. पण पणजोबा कोणत्या जहाजाने परतला, हे मुलाने घरी विचारले तर उत्तर कोण देणार?

तेव्हा माळा अवश्य झाडा. फक्त पत्र पाकिटासकट ठेवा, तिकीट सोडवू नका, डिंक लावू नका, आणि ते कोणाचे हे वेगळ्या चिठ्ठीवर लिहा. धूळ जाऊ द्या. माणसे राहू द्या.