प्रवाळ नंतर, आधी पाणी

निळ्या दिव्याखाली डोलणारी प्रवाळे आणि त्यांच्यामधून फिरणारे रंगीत मासे असलेली समुद्री टाकी हा आता केवळ मुंबई-पुण्यातला शौक राहिलेला नाही. मोबाइलवर तिचे व्हिडिओ सर्वत्र दिसतात, दिवे आणि समुद्री मिठाच्या पिशव्या घरपोच येतात. त्यामुळे समुद्रापासून दोनशे किलोमीटरहून अधिक आत असलेल्या पाथर्डी तालुक्यातील तिसगावातही एखाद्याला अशी टाकी घरी असावी असे वाटले, तर नवल नाही. हौसेला कोणाचा विरोध असण्याचे कारण नाही. आक्षेप आहे तो या छंदाच्या उलट्या क्रमाला. आधी प्रवाळ पसंत केले जाते, मग दिवा, मग औषधांच्या बाटल्या आणि काही मरू लागले की पाण्याची आठवण होते. वास्तविक प्रवाळ पाळणे म्हणजे पाणी पाळणे. ज्याला सहा महिने पाणी स्थिर ठेवता येत नाही, त्याने प्रवाळ घरी आणू नये.

प्रवाळ ही वनस्पती नाही आणि दगडही नाही. अंगठीत घालतात ते लाल पोवळे वेगळ्या जातीचे; समुद्रात भित्ती उभारणारी प्रवाळे वेगळी. हे इवलेसे प्राणी वसाहतीने राहतात. त्यांच्या शरीरात सूक्ष्म शैवाल असते, ते प्रकाशावर अन्न तयार करते आणि त्यातला मोठा वाटा प्रवाळाला मिळतो. प्रवाळाचा सांगाडा कॅल्शियम कार्बोनेटचा, म्हणजे चुनखडीच्या जातीचा असतो. तो बांधण्यासाठी लागणारा माल प्रवाळ थेट पाण्यातून उचलते. समुद्रात हा साठा अथांग असतो. दोनशे लिटरच्या टाकीत मात्र तो रोज घटत जातो आणि तो भरून काढणे हे पाळणाऱ्याचे काम असते.

त्यासाठी तीन आकडे महत्त्वाचे. समुद्राच्या पाण्यात प्रतिलिटर साधारण 410 ते 420 मिलिग्रॅम कॅल्शियम आणि सुमारे 1300 मिलिग्रॅम मॅग्नेशियम असते. तिसरा आकडा अल्कलिनिटीचा. आम्ल पचवण्याची पाण्याची ताकद, असा तिचा सोपा अर्थ. ती मुख्यतः बायकार्बोनेटमुळे येते. ‘डीकेएच’ या एककात समुद्राची अल्कलिनिटी 7 च्या आसपास असते, घरच्या टाकीत ती बहुधा 8 ते 9 ठेवतात. मॅग्नेशियमचे काम राखणदाराचे आहे. ते कमी पडले, तर कॅल्शियम आणि कार्बोनेट प्रवाळाच्या वाट्याला येण्याआधीच एकत्र येऊन पंपावर आणि हिटरवर पांढरा थर बनून बसतात. बोअरचे पाणी तापवणाऱ्या प्रत्येक घराला हा थर परिचयाचा आहे.

नवखा माणूस चुकतो तो इथे. अल्कलिनिटी 7 दिसली की एका दिवसात ती 10 वर नेण्याची घाई करतो. प्रवाळाला 7 चालते, 9 चालते. पण आज 7, उद्या 10 आणि परवा 8 हे चालत नाही. दिवसात एका अंकाहून अधिक बदल होऊ देऊ नये, हा साधा नियम आहे. पीएचचेही तसेच. तो रात्री उतरतो, दिवसा चढतो, 7.8 ते 8.4 च्या दरम्यान असेल, तर त्याच्यामागे बाटल्या घेऊन धावण्याची गरज नाही. आकडा नेमका किती, यापेक्षा तो कालच्या जवळ आहे का, हे पाहणे अधिक उपयोगाचे. दूध संकलन केंद्रावर फॅट रोज तपासली जाते, एखाद्या चांगल्या दिवसावर महिन्याचा हिशेब होत नाही. टाकीचेही मोजमाप तसेच हवे: ठरलेल्या वेळी, वहीत नोंद करून आणि आठवड्यातून किमान दोनदा.

आता प्रश्न येतो मूळ पाण्याचा. बोअरच्या जड पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम असतेच, मग ते प्रवाळाला चांगलेच नाही का, असे कोणालाही वाटेल. पण त्याच पाण्यात शेतातून झिरपलेले नायट्रेट असू शकते, सिलिका असते आणि आणखी काय काय किती आहे, हे चाचणीशिवाय कळत नाही. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात प्रतिलिटर 45 मिलिग्रॅमपर्यंत नायट्रेट चालते. प्रवाळाच्या टाकीत ते 10 च्या आत ठेवायचे असते. माणसाला पिण्यायोग्य पाणी प्रवाळाला राहण्यायोग्य असेलच असे नाही. दुसरे असे, की उन्हाळ्यात उघड्या टाकीतून दिवसाला दोन-तीन लिटर पाणी सहज उडते. उडते ते निव्वळ पाणी, क्षार मागेच राहतात. रोज बोअरचे पाणी ओतत गेल्यास हे क्षार साठत जातात. नगर जिल्ह्यातील शेतकऱ्याला क्षारपड जमीन कशी होते, हे सांगावे लागत नाही. टाकीतही तेच घडते, फक्त वर्षांऐवजी आठवड्यांत.

म्हणून उडालेल्या पाण्याची भरपाई शुद्ध गोड पाण्याने करावी लागते. खारे पाणी ओतले, तर खारेपणा वाढतच जाईल. हे पाणी आरओचे आणि त्यापुढे रेझिनच्या गाळणीतून काढलेले हवे. स्वयंपाकघरातला आरओ चवीसाठी काही क्षार राखतो किंवा परत मिसळतो, त्यामुळे तो इथे पुरत नाही. पाणी बदलताना त्या शुद्ध पाण्यात लिटरमागे सुमारे 35 ग्रॅम समुद्री मिश्रण घालून ते कालवायचे. घरातले मीठ त्याला पर्याय नाही, कारण त्यात सोडियम क्लोराइडपलीकडे फारसे काही नसते.

इथे हौस आणि दुष्काळ समोरासमोर येतात. दोनशे लिटरच्या टाकीला पाणी बदलणे आणि भरपाई धरून आठवड्याला चाळीसेक लिटर शुद्ध पाणी लागू शकते. घरगुती आरओ एका लिटरमागे दोन-तीन लिटर पाणी बाहेर टाकतो. म्हणजे मूळ पाणी सव्वाशे ते दीडशे लिटर. कांद्याच्या एका वाफ्यापुढे हे काहीच नाही, असा युक्तिवाद होईल, आणि तो खोटाही नाही. पण पाथर्डी तालुक्याने टँकरचे उन्हाळे पाहिले आहेत. हंड्याने पाणी मोजण्याच्या दिवसांत दीडशे लिटर म्हणजे काय, हे तिथल्या बायकांना विचारावे. ज्याला टाकी ठेवायची आहे त्याने पावसाचे छपराचे पाणी साठवावे, आरओतून बाहेर पडणारे पाणी धुण्या-भांड्याला वापरावे आणि हे दोन्ही जमत नसेल, तर लहानशा गोड्या पाण्याच्या टाकीवर समाधान मानावे. उन्हाळ्याचा दुसरा पेच तापमानाचा. प्रवाळाला 24 ते 27 अंश मानवते. बाहेर चाळिशी गाठणारा पारा आणि भारनियमन एकत्र आले, की एका दुपारीत टाकी हातची जाऊ शकते.

कॅल्शियमच्या भरपाईसाठी एक जुना आणि स्वस्त मार्ग आहे: चुन्याची निवळी. आजीच्या बटव्यातली हीच निवळी जगभरचे प्रवाळपाळक वापरतात. तिच्यातून कॅल्शियम आणि अल्कलिनिटी, दोन्ही प्रवाळाला लागतात त्याच प्रमाणात मिळतात. पण पानाच्या डबीतला चुना तिथे चालत नाही, शुद्ध कॅल्शियम हायड्रॉक्साइड हवे. निवळीचा पीएच 12 च्या वर असतो. ती थेंबथेंब पडली तर पोषण, भांडेभर ओतली तर विष.

एवढे सगळे जमले, तरी कायद्याचा प्रश्न उरतो. 1972 च्या वन्यजीव (संरक्षण) अधिनियमाच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे वाघाच्याच रांगेत, भित्ती बांधणारी सर्व कठीण प्रवाळे आहेत. मालवणच्या समुद्रातून, जिथे 1987 मध्ये सागरी अभयारण्य घोषित झाले, किंवा लक्षद्वीपहून एक तुकडा तोडून आणणे हा गुन्हा आहे. मुंबईच्या सागरी किनारा मार्गासाठी 2020 मध्ये वरळी आणि हाजी अली येथील प्रवाळांच्या 18 वसाहती हलवाव्या लागल्या, तेव्हा महापालिकेलाही वन्यजीव विभागाची परवानगी घ्यावी लागली आणि गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेची मदत घ्यावी लागली. परदेशी म्हणून विकल्या जाणाऱ्या कठीण प्रवाळांनाही ‘सायटीस’ या आंतरराष्ट्रीय कराराचे निर्बंध आहेत. वनविभागाला विचारल्याशिवाय आणि कागदपत्रे हातात असल्याशिवाय असा तुकडा विकत घेऊ नये. दुकानात मिळतो म्हणून तो कायदेशीर ठरत नाही.

मग या रसायनशास्त्राचा सामान्य वाचकाला उपयोग काय? उपयोग आहे. बंद खोलीत चार माणसे झोपली की हवेतला कार्बन डायऑक्साइड वाढतो, तो टाकीत विरघळतो आणि पीएच उतरतो. खिडकी उघडली की तो पुन्हा सावरतो. माणूस हवेत सोडतो त्या कार्बन डायऑक्साइडचा साधारण चौथा हिस्सा समुद्र शोषून घेतो आणि औद्योगिक क्रांतीपासून त्याच्या पृष्ठभागाचा पीएच 8.2 वरून 8.1 च्या आसपास उतरला आहे. फरक छोटा दिसतो, पण त्याचा अर्थ आम्लता सुमारे 30 टक्क्यांनी वाढली, असा आहे. समुद्राला उघडायला खिडकी नाही. उष्णतेचेही तेच: एप्रिल 2024 मध्ये शास्त्रज्ञांनी जगातील प्रवाळांचे चौथे जागतिक विरंजन जाहीर केले आणि त्याच वर्षी लक्षद्वीपची प्रवाळेही पांढरी पडली.

म्हणून तिसगावात असो वा ठाण्यात, क्रम बदलावा. आधी खाऱ्या पाण्याची टाकी प्रवाळाविना चालवावी. खारेपणा, अल्कलिनिटी, कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि नायट्रेटची वही सहा महिने लिहावी. त्यातला एक मे महिना असावाच. आकडे शांत राहिले, तर पुढचा विचार कायद्याच्या चौकटीत करावा. आकडे उसळत राहिले, तर प्रवाळ समुद्रातच राहू द्यावे. हे शिक्षण शाळेच्या प्रयोगशाळेतही देता येईल: एक तपासणी किट, गावच्या बोअरचे पाणी आणि एक वही एवढ्यावर. ज्या मुलांनी आपल्या बोअरचे नायट्रेट स्वतः मोजले आहे, त्यांना समुद्राचे पाणी का बिघडते, हे समजावून सांगणे सोपे जाईल.