आधी एक साधी 'डाइव्ह' जमवा, कंपनीचं नंतर बघू



परवा वर्कशॉप संपल्यावर कारंज्याचा एक तरुण थांबला. मोबाईल रिपेअरिंगचं दुकान आहे, बरं चालतं. दोन वर्षांपूर्वी मालवणला जाऊन स्कुबा केलं, मग नीट कोर्स करून सर्टिफिकेटही काढलं. म्हणाला, "सर, विदर्भातल्या पोरांना समुद्राखाली न्यायचं. ॲडव्हेंचर कंपनी काढतो. लोगो झालाय, आता पाच लाखांचं लोन बघतोय."

मी विचारलं, "आतापर्यंत किती जणांना घेऊन गेलास?"

"अजून कोणालाच नाही."

तेव्हा माझं मत त्याला सांगितलं तेच तुम्हालाही सांगतो. लोन नको, लोगो नको. आधी सहा-सात जणांचा एक साधा, बिननफ्याचा मेळावा कर. तो नीट पार पडला तर धंद्याचं बोलू. असा एक मेळावा नीट ठरवला की धंद्याचा अर्धा अभ्यास तिथेच होतो. आणि इथे चूक झाली तर पैशाबरोबर माणूसही जाऊ शकतो. मे 2022 मध्ये तारकर्लीजवळ स्कुबा करून परतणारी पर्यटकांची बोट उलटली आणि दोन पर्यटकांचा जीव गेला. ही बातमी विसरून कोणी या धंद्यात येऊ नये.

पहिली गोष्ट : जागा तुमच्या हौसेने ठरत नाही

त्याच्या डोक्यात 'शोअर डाइव्ह' होती. म्हणजे बोट नाही, पाठीवर सिलिंडर घ्यायचं आणि किनाऱ्यावरून चालत पाण्यात शिरायचं. बोटीचा खर्च वाचतो, सगळे किनाऱ्यावर एकत्र राहतात, गप्पा-जेवण तिथेच. कल्पना झकास आहे. अंदमानात हॅवलॉकला, म्हणजे आताच्या स्वराज द्वीपला, नेमो रीफ नावाची जागा आहे. तिथे नवशिके असेच किनाऱ्यावरून पाण्यात उतरतात.

पण आपला कोकण किनारा वेगळा. वाळूचा उथळ उतार, फुटणाऱ्या लाटा, गढूळ पाणी. बघण्यासारखं आहे ते खडकांपाशी, म्हणून मालवणात बहुतेक लोक बोटीने सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास जाऊन उतरतात. मग हट्ट कशाला? डाइव्ह बोटीवरून करा, मेळावा किनाऱ्यावर भरवा. ग्राहकाला अनुभव हवा असतो, तुमची मूळ कल्पना जशीच्या तशी नको असते. हे सोयाबीनच्या प्रक्रिया उद्योगालाही लागू आहे बरं का!

दुसरी : तारीख समुद्राला विचारून

आपल्याकडच्या सुट्ट्या उन्हाळ्यात. पण मे अखेरपासून ऑगस्ट अखेरपर्यंत पावसाळ्यामुळे तिकडे जलपर्यटन बंद असतं. साधारण डिसेंबर ते फेब्रुवारीत समुद्र शांत असतो. भरती-ओहोटीची वेळही रोज सुमारे 50 मिनिटांनी पुढे सरकते. म्हणून 'सकाळी 9 वाजता' असं इथे बसून पत्रिकेत छापू नका. वेळ तिथला माणूस ठरवेल.

तिसरी : कोण येणार?

दोन याद्या करा. सर्टिफिकेट असलेले वेगळे, पहिल्यांदा उतरणारे वेगळे. पहिल्यांदा उतरणाऱ्याबरोबर प्रशिक्षकच हवा, तुमचा मित्र चालत नाही. दमा, हृदयविकार, फिट येणं, कानाचं ऑपरेशन, गरोदरपण यांपैकी काही असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाव घ्यायचं नाही. साधी सर्दी असली तरी कानातला दाब सुटत नाही, पडद्याला इजा होऊ शकते. हे सगळं वाशिमातून निघायच्या आधी लेखी विचारा, तिथे किनाऱ्यावर नाही.

आणि एक हात जोडून विनंती. 'सराव' म्हणून एकबुर्जीच्या पाण्यात किंवा कोणाच्या शेततळ्यात उतरू नका. शेततळ्याच्या प्लास्टिकवरून पाय घसरला की पोहणाऱ्यालाही वर येता येत नाही.

चौथी : परतीचा रस्ता

ही गोष्ट आपल्या भागातले लोक हमखास विसरतात. सिलिंडरमधली हवा खोल पाण्यात घेतली की रक्तात नायट्रोजन विरघळतो. वर आल्यावर तो हळूहळू बाहेर पडतो. त्याआधी उंचीवर गेलात तर त्याचे बुडबुडे होऊन त्रास होतो. म्हणून एका डाइव्हनंतर किमान 12 तास आणि जास्त डाइव्ह केल्या तर किमान 18 तास विमान टाळायला सांगतात. आपण म्हणतो, आपल्याला कुठे विमानाने जायचंय? अहो, आंबोलीचा घाट 600 मीटरच्या वर आहे आणि आपलं वाशिमही पाचशेच्या वर. दुपारी डाइव्ह आणि संध्याकाळी गाडी घाटात, असं करू नका. एक रात्र मुक्काम धराच. तो खर्च बजेटमध्ये पहिल्या दिवसापासून दिसला पाहिजे.

पाचवी : पैशाचा हिशोब सिलिंडरसारखा

डायव्हर लोकांत हवेचा एक जुना नियम आहे. एक तृतीयांश जायला, एक तृतीयांश परतायला, एक तृतीयांश राखीव. राखीव हवा म्हणजे 'उरली तर वापरू' अशी नाही, तिला हात लावायचाच नसतो.

तुमचं भांडवलही असंच वाटा. समजा दीड लाख आहेत. पन्नास हजारांत सुरुवात करा, पन्नास हजार चालवायला आणि चुका दुरुस्त करायला, पन्नास हजार राखीव. आपली पोरं काय करतात? दीड लाख दुकानाच्या फर्निचरमध्ये घालतात आणि तिसऱ्या महिन्यात भाड्यासाठी हात पसरतात. हवा संपली की पाण्याखाली उधारी मिळत नाही.

शेवटची आणि सगळ्यात मोठी : 'नाही' म्हणता येणं

स्कुबामध्ये कोणताही डायव्हर, कधीही, कोणत्याही कारणाने डाइव्ह रद्द करू शकतो. त्याला कोणी 'का?' विचारत नाही, चिडवत नाही. मेळाव्याच्या आदल्या रात्री हे सगळ्यांसमोर मोठ्याने सांगा. आयोजक म्हणून तुम्हीही तो अधिकार वापरा. लाइफ जॅकेट कमी आहेत? बोटीत माणसं जास्त झाली? सरळ उतरायचं. ॲडव्हान्स बुडाला तर बुडू दे.

आमच्या कारंज्याच्या पोराने शेवटी सात जण नेले. एकाला आदल्या रात्री सर्दी झाली. तो म्हणाला, "एवढ्या लांब आलोय, करतो मी." याने नाही म्हटलं आणि त्याचे पैसे स्वतःच्या खिशातून परत दिले. नफा शून्य, उलट तोटा. पण घरी आल्यावर पुढच्या वेळेसाठी पहिलं नाव कोणी दिलं असेल? त्याच सर्दीवाल्याने. शिवाय भावालाही घेतलंय!

असा विश्वास पाच लाखांच्या लोनमध्ये मिळत नाही. आता हा पोरगा धंद्याला लागायला तयार आहे असं मला वाटतं. पण पैसे घेऊन लोक न्यायचे म्हटलं की जबाबदारी बदलते. राज्याचं साहसी पर्यटन धोरण 2021 मध्ये आलं, त्यानुसार आयोजकाने पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करायची असते. विमा, मालवणातल्या परवानाधारक केंद्राशी लेखी करार, प्रथमोपचार, जवळचं हॉस्पिटल कोणतं हे सगळं कागदावर हवं. शिकायचं असेल तर तारकर्लीला एमटीडीसीचं स्कुबा प्रशिक्षण केंद्र आहेच.

तुमचा धंदा पापडाचा असो, डेअरीचा असो की सहलीचा. या आठवड्यात एक काम करा. तुमच्या कल्पनेचा सगळ्यात छोटा, बिननफ्याचा प्रयोग कोणता ते एका कागदावर लिहा. खाली दोन ओळी लिहा : कुठे थांबणार, आणि राखीव किती ठेवणार. या दोन ओळी लिहिता आल्या नाहीत तर अजून पाण्यात उतरायची वेळ झालेली नाही.

भेटू पुढच्या व्हिडिओत. काळजी घ्या, कामाला लागा!