घरातला कॉम्प्युटर : गेमचा रिमोट जुळत का नाही?

इटियाडोह धरणाच्या परिसरातून एका भगिनीने आम्हाला मोबाईलवर लांबलचक निरोप पाठविला. थोरला मुलगा पुण्याकडे एका कारखान्यात कंत्राटी कामाला आहे. त्याने ओव्हरटाइमच्या पैशातून धाकट्या भावासाठी बिनतारी कंट्रोलर, म्हणजे पोरे ज्याला गेमचा रिमोट म्हणतात तो, मागवून दिला. घरात एका ऑफिसातून निघालेला जुना कॉम्प्युटर आहे. रिमोट काही केल्या त्याला जुळेना. तालुक्याच्या एका दुकानदाराने हातात घेऊन दोन बटणे दाबली आणि निकाल देऊन टाकला, "हा गेला. दुसरा घ्या." वडिलांनी धाकट्यालाच बोल लावला, की तूच पाडला असशील. पोरगा नववीत. त्याने जेवण सोडले नाही, पण घरात बोलणे सोडले. भगिनी लिहितात, "माल परत करायला चारच दिवस उरले आहेत जी. पोराने बिघडवला का कंपनीनेच खराब पाठवला, तेवढं तरी सांगा."

मुदत चार दिवसांची आणि आमचा अंक आठवड्याने निघणार. म्हणून आम्ही फोनच केला. त्यातून जे निघाले ते येथे सविस्तर देत आहोत, कारण अशाच तक्रारी इतर घरांतूनही येतात.

इटियाडोहच्या नहरेवर धानाची शेती करणाऱ्या माणसाला बिघाड शोधण्याची रीत नव्याने शिकवावी लागत नाही. बांधीत पाणी आले नाही तर तो धरण फुटले असे म्हणत नाही. तो धुऱ्याधुऱ्याने वर चालत जातो. पाटात पाणी आहे काय? नहरेत आहे काय? जिथवर पाणी दिसले तिथवरचा मार्ग ठीक, अडले ते त्याच्या खाली. रिमोटचेही असेच आहे. बटण, आतली बॅटरी, हवेतून जाणारा संदेश, तो पकडणारा कॉम्प्युटर आणि शेवटी खेळ, असा तो पाट आहे. दुकानदाराने पहिल्या ठिकाणीच हात टेकले आणि धरण फुटल्याचे जाहीर केले.

पहिली तपासणी वायरीची. बहुतेक रिमोट वायर लावूनही चालतात. वायरीवर बटणे चालली तर बटणे शाबूत आहेत आणि दोष हवेतल्या वाटेवर कुठेतरी आहे, एवढे पक्के होते. पोराने वायर लावून पाहिली होती, काहीच झाले नव्हते. आम्ही विचारले, "वायर कोणती लावली बेटा?" तो म्हणाला, "टॉर्च चार्ज करायची." येथेच पुष्कळ जण फसतात. स्वस्त वायरींपैकी कित्येकींत फक्त वीज वाहून नेणाऱ्या तारा असतात, माहिती नेणाऱ्या नसतात. चार्जिंगचा दिवा लागतो, म्हणून वायर चांगली आहे असे वाटते. डब्यातली मूळ वायर लावल्याबरोबर कॉम्प्युटरने रिमोट ओळखला.

बटणे चालतात की नाही हे पाहायला खेळ उघडण्याची गरज नाही. विंडोजच्या कॉम्प्युटरवर विंडोजचे चिन्ह असलेले बटण आणि आर एकदम दाबावे, उघडलेल्या चौकटीत जे, ओ, वाय, टिंब, सी, पी, एल ही इंग्रजी अक्षरे जोडून लिहावीत आणि एंटर मारावे. जोडलेल्या रिमोटचे नाव दिसते. त्याच्या 'प्रॉपर्टीज'मध्ये गेले की प्रत्येक बटणासाठी एक दिवा आणि काडीसाठी एक फुली दिसते. बटण दाबावे, दिवा लागावा. पोराने एकेक बटण दाबून आम्हाला फोनवर मोजून सांगितले. सगळे दिवे लागले.

दुसरी तपासणी आईच्या मोबाईलची. रिमोट मोबाईलला हवेतून जुळला तर त्याच्यातला संदेश पाठविणारा भागही शाबूत ठरतो. "मोबाईलला तर पहिल्याच दिवशी लागला होता काका," पोरगा म्हणाला. ही गोष्ट त्याला कोणी विचारलीच नव्हती. वायरीने बटणांची साक्ष दिली, मोबाईलने बिनतारी भागाची. रिमोट पडलेला नाही आणि खराबही आलेला नाही. आता संशय घ्यायचा तो कॉम्प्युटरवर.

थोडे यामागचे तंत्र सांगतो. हे रिमोट बहुधा दोन प्रकारचे असतात. काहींबरोबर नखाएवढी यूएसबी कळ येते, तिला डोंगल म्हणतात. तो रिमोट फक्त आपल्या डोंगलशीच बोलतो. कॉम्प्युटरच्या ब्ल्यूटूथ यादीत त्याला शोधणे व्यर्थ, तो तेथे कधीच दिसणार नाही. डोंगल हरवला तर बिनतारी खेळ संपला, म्हणून डबा फेकण्यापूर्वी त्याचा कोपरान् कोपरा पाहावा. दुसरा प्रकार ब्ल्यूटूथचा. दहाव्या शतकात डेन्मार्कमध्ये हॅराल्ड नावाचा राजा होऊन गेला. त्याला निळ्या दाताचा म्हणत, त्याचेच हे नाव. एरिक्सन, इंटेल, आयबीएम, नोकिया आणि तोशिबा या पाच कंपन्यांनी १९९८ साली एकत्र येऊन हे तंत्र सर्वांसाठी एकसारखे केले. ते २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात चालते. आपल्या देशात हा पट्टा २००५ साली विनापरवाना वापरास खुला झाला. म्हणून वायफाय, बिनतारी माऊस, कीबोर्ड सगळ्यांची येथेच गर्दी. मायक्रोवेव्ह भट्टीही याच पट्ट्यात काम करते. गर्दीतून वाट काढण्यासाठी ब्ल्यूटूथ एका सेकंदात १६०० वेळा आपली जागा बदलते.

या गोंगाटाची किंमत शास्त्रज्ञांनाही मोजावी लागते. पुणे जिल्ह्यात नारायणगावजवळ खोडद येथे ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांची महाकाय रेडिओ दुर्बीण आहे. गोविंद स्वरूप यांनी ती उभारली. जागा निवडताना माणसाने केलेला रेडिओ गोंगाट जेथे कमी, तेच ठिकाण पाहिले गेले. आपल्या घरात तेवढी शांतता मिळणार नाही, पण थोडी करता येते. ते पुढे येईलच.

मग कॉम्प्युटरला ब्ल्यूटूथ आहे की नाही? पोराने सेटिंगमध्ये ब्ल्यूटूथचे बटण शोधून शोधून थकल्याचे सांगितले. आम्ही त्याला विंडोजच्या चिन्हावर माऊसचे उजवे बटण दाबून 'डिव्हाइस मॅनेजर' उघडायला लावले. त्या यादीत ब्ल्यूटूथ नावाचा मथळाच नव्हता. अनोळखी यंत्रासमोर येते तशी पिवळी खूणही नव्हती. ती असती तर यंत्र आहे पण त्याचा ड्रायव्हर नाही, असा अर्थ झाला असता. लॅपटॉपमध्ये ब्ल्यूटूथ बहुधा असते. ऑफिसातून निघालेल्या जुन्या डेस्कटॉपमध्ये पुष्कळदा नसते. मूळ गोष्ट एवढीच होती! जे यंत्रात नाही ते पोराने पाच दिवस शोधले आणि त्याचा दोष त्याच्याच माथी आला.

उपाय स्वस्त आहे. ब्ल्यूटूथचा वेगळा डोंगल मिळतो. त्यांना अर्जुनीला साडेतीनशे रुपयांत मिळाला. ज्या लॅपटॉपमध्ये ब्ल्यूटूथ आधीच आहे, त्याला मात्र दुसरा डोंगल लावून मोकळे होऊ नये. विंडोज एका वेळी एकच चालविते. डोंगलच वापरायचा असेल तर आतले ब्ल्यूटूथ डिव्हाइस मॅनेजरमधून बंद करावे लागते.

डोंगल आला तरी रिमोट यादीत दिसेना. येथे 'जुळणे' आणि 'जोडले जाणे' यांतला फरक कळला पाहिजे. सोयरीक एकदा ठरते, नंतर जाणे-येणे नेहमीचे. नव्या कॉम्प्युटरशी सोयरीक करायची तर रिमोटला तसे सांगावे लागते. नुसता चालू केला तर तो जुन्या सोयऱ्याकडे धावतो. आईचा मोबाईल बाजूच्या खोलीत होता आणि रिमोट चालू होताच तोच त्याला ओढून घेत होता. मोबाईलचे ब्ल्यूटूथ बंद केले, तेव्हा अडथळा गेला.

सोयरिकीची खूण प्रत्येकाची निराळी. एक्सबॉक्सच्या रिमोटवर वरच्या कडेला लहानसे बटण असते. ते तीनेक सेकंद दाबून धरले की मधला दिवा भराभर लुकलुकतो. प्लेस्टेशन चारच्या रिमोटवर 'शेअर' आणि मधले पीएस बटण एकदम दाबून धरावे. प्लेस्टेशन पाचला 'क्रिएट' आणि पीएस. स्वस्त रिमोटना दोन-तीन सोंगे असतात, एक विंडोजसाठी, एक मोबाईलसाठी, आणि ती बटणांच्या वेगवेगळ्या जोड्यांनी बदलतात. ते डब्यातल्या चिठोऱ्यावर बारीक अक्षरात लिहिलेले असते, म्हणून चिठोरा जपून ठेवावा. दिवा भराभर लुकलुकत असतानाच कॉम्प्युटरवर 'ॲड डिव्हाइस' करावे. २०१३ सालच्या पहिल्या एक्सबॉक्स वन रिमोटमध्ये ब्ल्यूटूथ नाहीच. सेकंडहँड घेताना मधल्या चमकत्या बटणाभोवतीचे प्लास्टिक पाहावे. ते खालच्या अंगाशी सलग असेल तर ब्ल्यूटूथ आहे. वरच्या खांद्याच्या बटणांशी सलग, वेगळ्या पट्टीचे असेल तर नाही.

नाव यादीत आहे पण जुळत नाही, असे झाले तर यादीतून ते काढून टाकावे आणि नव्याने सोयरीक करावी. त्याआधी कॉम्प्युटर 'रीस्टार्ट' करावा. 'शट डाउन' करून पुन्हा चालू करणे म्हणजे तेच, असे समजू नये. विंडोज लवकर सुरू व्हावे म्हणून शट डाउन करताना आपली काही अवस्था जपून ठेवते. रीस्टार्टमध्ये पाटी खरोखर कोरी होते.

रात्री पुन्हा फोन आला. रिमोट जुळला, पण खेळता खेळता तुटतो. डोंगल कोठे लावला आहे? मागे, भिंतीकडे. शेजारच्या निळ्या खाचेत सिनेमाचा पेनड्राइव्ह. कॉम्प्युटरची पत्र्याची पेटी संदेश अडविते, आणि निळ्या खाचेतल्या यूएसबी तीनच्या यंत्रांतून नेमका २.४ गिगाहर्ट्झच्या आसपास गोंगाट निघतो. इंटेल कंपनीने हे २०१२ सालीच लिहून ठेवले आहे. डोंगल पुढच्या खाचेत आणला, पेनड्राइव्ह काढला, तुटणे थांबले. माणसाच्या शरीरातले पाणीही हा संदेश शोषून घेते, त्यामुळे रिमोट आणि डोंगल यांच्यामध्ये कोणी बसू नये. एवढे करूनही तुटत असेल तर बॅटरी पूर्ण भरावी आणि डिव्हाइस मॅनेजरमध्ये त्या डोंगलच्या 'पॉवर मॅनेजमेंट'मधील वीज वाचविण्याची खूण काढावी.

सगळे जुळूनही एखादा खेळ रिमोटला दाद देत नाही. विंडोजच्या पुष्कळ खेळांना एक्सबॉक्सच्या पद्धतीचा रिमोट लागतो, दुसऱ्या पद्धतीचा त्यांना उमगत नाही. 'स्टीम'मधून खेळत असाल तर तेथील कंट्रोलरच्या सेटिंगमध्ये दुभाष्याची सोय आहे. खेळ सुरू करण्यापूर्वी रिमोट जोडावा, हेही ध्यानात असू द्यावे.

काही पालक विचारतील, एवढी खटपट खेळासाठी कशाला? आमचे मत असे, की थोरल्याने घाम गाळून पाठविलेली वस्तू चालू करणे ही खटपट नव्हे. पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ ही निराळी गोष्ट. त्यांच्यावर २०२५ च्या कायद्याने बंदी आली आहे आणि तो मार्ग घराला बुडविणाराच. रिमोटच्या खेळाला वेळेचे बंधन घाला, पण दोन्ही एकाच मापाने मोजू नका.

त्या घरचे वडील फोनवर आले. म्हणाले, "दुकानदार बोलला ते मी खरं धरलं, पोराला विचारलंच नाही." पोरगा मागून ओरडत होता, "बाबा, डावं बटण दाबा, डावं!"

ज्यांचा रिमोट खरोखरच खराब निघेल त्यांनी वायरीची आणि दुसऱ्याच्या मोबाईलची अशी दोन्ही तपासणी करून तिचे चित्रण ठेवावे, डबा व बिल जपावे आणि मुदतीच्या आत तक्रार नोंदवावी. ऑनलाइन घेतलेला सदोष माल परत घेण्यास विक्रेत्याला नकार देता येत नाही, असे ग्राहक संरक्षणाचे २०२० चे नियम सांगतात. तरी टाळाटाळ झाली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक फिरवावा. तेथे मराठीतही बोलता येते.